पॉवर ॲलोकेटरमधले राउंडिंग: एक मिलिवॉट हरवतो आणि फ्रिक्वेन्सी एक पायरी का घसरते

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ कळेल. अंबडला तयार होणारा तुमचा कंट्रोलर लिनक्सवर चालतो. त्यात चार-चार कोअरचे दोन क्लस्टर आणि एक जीपीयू आहे. दिंडोरी-पिंपळगाव पट्ट्यातल्या पॅकहाउसबाहेर तो पत्र्याच्या बंद पेटीत बसतो. थर्मल झोनला (एका सेन्सरने तापमान मोजला जाणारा भाग) पॉवर ॲलोकेटर गव्हर्नर लावलेला आहे. तो तापमान पाहून एकूण किती पॉवर वापरू द्यायची (बजेट) ते ठरवतो आणि क्लस्टर व जीपीयूमध्ये वाटतो. स्विच-ऑन ट्रिप (जिथून तो आवळू लागतो) ५५ अंशांवर, कंट्रोल ट्रिप (जे तापमान तो राखू पाहतो) ८५ अंशांवर आणि सस्टेनेबल पॉवर (त्या तापमानाला सतत सोसेल अशी पॉवर) २५०० मिलिवॉट. हिवाळ्यात तक्रार नाही. एप्रिल-मेमध्ये मात्र तीन गोष्टी दिसतात: छोटा क्लस्टर दोन शेजारच्या फ्रिक्वेन्सींमध्ये सतत खालीवर होतो, तापमान ८५ ऐवजी ८२ अंशांवर अडकून बसते आणि ट्रेसमध्ये (कर्नलने केलेल्या नोंदींत) वाटलेल्या पॉवरची बेरीज बजेटशी एक-दोन मिलिवॉटने जुळत नाही. तुम्ही कोडमधले सगळे भागाकार जवळच्या पूर्णांकाकडे वळवून पाहिले. फरक थोडा पडला, आणि बेरीज आता बजेटच्याही वर जाऊ लागली.

या तीन लक्षणांचे मूळ एक नाही. पहिले राउंडिंगमुळेच आहे. तिसरेही राउंडिंगच, पण तेवढ्यापुरते निरुपद्रवी. दुसऱ्याचा राउंडिंगशी काहीही संबंध नाही. सगळीकडे एकाच पद्धतीने राउंडिंग करण्याचा उपाय म्हणूनच लागू पडला नाही. प्रत्येक भागाकाराला स्वतःची योग्य दिशा असते. मागणी मोजताना वर, परवानगी देताना खाली, आणि मधल्या वाटपात बेरीज अखंड राहिली पाहिजे.

सुरुवात खालीवर होणाऱ्या फ्रिक्वेन्सीपासून करू, कारण खरा दोष तिथेच आहे.

सीपीयूचा कूलिंग ड्रायव्हर (फ्रिक्वेन्सी उतरवून सीपीयू थंड ठेवणारा कोड) गव्हर्नरला दोन आकडे पुरवतो. आधी तो मागणी सांगतो: सध्याच्या फ्रिक्वेन्सीची एका कोअरची पॉवर गुणिले क्लस्टरचा एकूण लोड, भागिले १००. चार कोअर असतील तर हा लोड ४०० पर्यंत जातो. नंतर गव्हर्नरने जितकी पॉवर मंजूर केली त्यावरून तो उलट हिशेब करतो: मंजूर पॉवर गुणिले १००, भागिले तोच लोड. आलेली संख्या एनर्जी मॉडेलच्या तक्त्यात (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती पॉवर लागते त्याच्या यादीत) वरून खाली ताडून पाहिली जाते आणि तिच्याइतकी किंवा तिच्याहून कमी पॉवर लागणारी पहिली फ्रिक्वेन्सी निवडली जाते. दोन्ही भागाकारांत अपूर्णांक छाटला जातो.

आता आकडे घालून पाहा. समजा सध्याच्या फ्रिक्वेन्सीला एका कोअरची पॉवर ४३७ मिलिवॉट आहे आणि लोड २७३.

मागणी: ४३७ × २७३ ÷ १०० = ११९३.०१, छाटून ११९३.
मागितले तेवढे सगळे मंजूर झाले असे धरा: ११९३ × १०० ÷ २७३ = ४३६.९९६, छाटून ४३६.

४३६ हे ४३७ पेक्षा कमी, म्हणून ड्रायव्हर खालची फ्रिक्वेन्सी निवडतो. म्हणजे क्लस्टरने जे मागितले ते पूर्ण मिळाले, तरी त्याला एक पायरी खाली ढकलले गेले. हरवला तो एक मिलिवॉट, पण तक्त्यातल्या दोन पायऱ्यांमधले अंतर तुमच्या चिपवर शंभर-दीडशे मिलिवॉटचे असू शकते. राउंडिंगची चूक स्वतः कधीच मोठी नसते. ती पायरीच्या नेमक्या कडेवर पडते तेव्हा पायरीएवढी होते.

पुढच्या फेरीत क्लस्टर खालच्या फ्रिक्वेन्सीवर असतो, म्हणून मागणीही कमी येते. बजेट मात्र तेवढेच असते. गव्हर्नर मागणीच्या प्रमाणात बजेट वाटतो, त्यामुळे आता क्लस्टरला मागणीपेक्षा जास्त मिळते आणि तो पुन्हा वर जातो. त्याच्या पुढच्या फेरीत पुन्हा खाली. पोलिंग (दोन फेऱ्यांमधले अंतर) १०० मिलिसेकंदांचे असेल तर हा झोका सेकंदात कित्येकदा होतो.

हिवाळ्यात हे का दिसत नाही, तेही यातूनच कळते. तापमान कंट्रोल ट्रिपपासून लांब असेल तेव्हा बजेट मागणीपेक्षा बरेच मोठे असते, प्रत्येकाला मागणीहून जास्त मिळते आणि हरवलेला मिलिवॉट त्या जास्तीत झाकला जातो. निफाडच्या जानेवारीतल्या पहाटे तर झोन स्विच-ऑन ट्रिपपर्यंतही पोहोचत नसेल, मग गव्हर्नर काही आवळतच नाही. बजेट आणि मागणी जवळजवळ सारखी होतात ती मे महिन्याच्या दुपारी, पेटीवर ऊन आलेले असताना. दोष वर्षभर कोडमध्ये असतोच.

याहून फसवी गोष्ट लोड टेस्टची आहे. ४३७ आणि १०० यांना सामाईक विभाजक नाही, त्यामुळे १ ते ४०० मधल्या लोडपैकी फक्त १००, २००, ३०० आणि ४०० या चारच आकड्यांवर भागाकार निःशेष होतो. उरलेल्या ३९६ ठिकाणी उलट हिशेब ४३७ च्या खालीच येतो. पण आपण थर्मल टेस्ट करतो ती सगळे कोअर पूर्ण ताणून, म्हणजे नेमकी त्या चार सुरक्षित आकड्यांवर. तक्त्यात ४५० सारखे गोल आकडे असतील तर सम लोडवरही काही हरवत नाही. म्हणून डेव्हलपमेंट बोर्डावरच्या अंदाजपंचे तक्त्याने सगळे पास होते, आणि खरी मोजलेली पॉवर तक्त्यात भरल्यावर झोका सुरू होतो.

लोड कमी असेल तर तोटा एका मिलिवॉटवर थांबत नाही. लोड ७ धरा: ४३७ × ७ ÷ १०० = ३०.५९, छाटून ३०. उलट ३० × १०० ÷ ७ = ४२८. नऊ मिलिवॉट गेले. जवळच्या पूर्णांकाचा तुमचा उपाय इथेच अपुरा पडला. १०० च्या वरच्या लोडवर तो चालतो, खाली चालतोच असे नाही. लोड ९ ला मागणी ३९.३३, जवळचा पूर्णांक ३९, उलट हिशेब ४३३.३. पुन्हा ४३७ च्या खालीच.

दुरुस्ती एका ओळीची आहे. मागणी मोजताना भागाकार वरच्या पूर्णांकाकडे न्या आणि उलट हिशेबात छाटणे तसेच ठेवा. २७३ लोडला मागणी ११९४ होते, उलट ४३७.३६, छाटून ४३७. फ्रिक्वेन्सी टिकली. ७ लोडला मागणी ३१, उलट ४४२. हेही ठीक, फक्त तक्त्यात ४३७ च्या वरची पायरी ४४२ च्या आत नसली पाहिजे. लोड आणखी कमी असेल तर हे अंतर वाढते: १ लोडला मागणी ५, उलट ५००. म्हणून तुमच्या तक्त्यातल्या पायऱ्यांचे अंतर एकदा पाहून घ्या.

मागणी वर नेल्याने उष्णता वाढेल अशी भीती वाटू शकते. तसे होत नाही. मागणी म्हणजे परवानगी नव्हे. एकूण किती वाटायचे ते तापमानावरूनच ठरते, आणि प्रत्येक ॲक्टरची (पॉवर मागणाऱ्या भागाची, म्हणजे क्लस्टर किंवा जीपीयूची) मागणी फार तर एका मिलिवॉटने फुगते. उलट हिशेबात मात्र वर नेऊ नका. तिथे वर नेणे म्हणजे मंजूर न झालेली पॉवर वापरणे.

आता बेरीज न जुळण्याबद्दल. गव्हर्नर प्रत्येकाला मागणी × बजेट ÷ एकूण मागणी या सूत्राने देतो आणि मूळ कोडमध्ये हा भागाकार जवळच्या पूर्णांकाला नेलेला आहे. तिघांनी ७०० मागितले आणि बजेट २००० असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला ६६६.६७, म्हणजे ६६७ येतात. बेरीज २००१. छाटले तर १९९८. दोन्हीकडचा फरक चिपला जाणवतही नाही. तरीही मी हे दुरुस्त करतो, कारण बेरीज बजेटएवढीच येते याची खात्री असली की ट्रेसमधला कुठलाही फरक खऱ्या दोषाचा असतो आणि त्याच्यामागे लागता येते.

त्यासाठी उरलेले मिलिवॉट कोणाला द्यायचे याची क्रमवारी लावत बसायची गरज नाही. चढती बेरीज धरा. पहिल्या ॲक्टरपर्यंतची मागणी ७००, दुसऱ्यापर्यंत १४००, तिसऱ्यापर्यंत २१००. प्रत्येक बेरजेला बजेटने गुणून एकूण मागणीने भागा आणि छाटा: ६६६, १३३३, २०००. आता लागोपाठच्या आकड्यांतला फरक घ्या: ६६६, ६६७, ६६७. बेरीज नेमकी २०००, आणि कोणाचाही वाटा खऱ्या आकड्यापासून एका मिलिवॉटहून जास्त सरकत नाही. बजेट आणि एकूण मागणी सारखी असेल तर प्रत्येकाला अगदी मागितले तेवढेच मिळते, आणि वरच्या दुरुस्तीला नेमके हेच हवे असते. कोणाचा वाटा त्याच्या कमाल पॉवरच्या वर गेला तर जास्तीचा भाग दुसऱ्या फेरीत इतरांना वाटला जातो. तिथेही तोच भागाकार आहे, तिथेही हीच पद्धत लावा आणि शेवटी कमाल मर्यादा पुन्हा तपासा.

गुणाकार ६४ बिटांत करा. तुमचे कर्नल ३२ बिट एआरएमचे असेल तर ६४ बिटांचा भागाकार साध्या भागाकार चिन्हाने लिहू नका, लिंक होताना अडेल. कर्नलमधली त्यासाठीची ६४ बिट भागिले ३२ बिट अशी फंक्शने वापरा.

वेटकडे (वाटपात कोणाला किती झुकते माप द्यायचे त्या आकड्याकडे) एकदा लक्ष द्या, कारण तुमच्या डिव्हाइस ट्रीमध्ये (हार्डवेअरचे वर्णन देणाऱ्या फाइलीत) ते १ आणि २ असे लिहिलेले आहे. या गव्हर्नरमध्ये वेटही स्थिरबिंदू अंकांत असते, दहा अपूर्णांक बिटांसह. म्हणजे एक पट म्हणजे १०२४. कोड वेट आणि मागणीचा गुणाकार करून तो दहा बिट उजवीकडे सरकवतो. वेट १ आणि मागणी ७०० असेल तर ७०० ÷ १०२४, छाटून शून्य. तो ॲक्टर वाटपातून जवळजवळ बाद होतो. वेट १०० ठेवले तर ६८ मिळतात आणि अचूकता गेलेली असते. १०२४ आणि २०४८ लिहा. कोडला हात न लावता होणारी ही दुरुस्ती आहे.

तुम्ही विचारले आहे की सगळा हिशेब मिलिवॉटऐवजी मायक्रोवॉटमध्ये केला तर प्रश्नच मिटेल का. एनर्जी मॉडेल २०२२ मध्ये, कर्नल ६.० पासून, मायक्रोवॉटवर गेले. पण कूलिंग ड्रायव्हर आणि गव्हर्नर यांच्यामधली बोलणी मिलिवॉटमध्येच होतात आणि ड्रायव्हर तक्त्यातला आकडा वाचताना १००० ने भागतो. ते तसेच राहू द्या. गव्हर्नरच्या आत मायक्रोवॉट घुसवले तर वर सांगितलेला वेटचा गुणाकार ३२ बिटांत मावत नाही. १०२४ वेटला सुमारे ४.१९ वॅटच्या वरची मागणी ओव्हरफ्लो होऊन अचानक छोटी दिसू लागते. राउंडिंगची चूक एका मिलिवॉटची असते, ओव्हरफ्लोची चार वॅटची.

याच्या उलटा घोळही होतो. चिप उत्पादकाकडून आलेला जुना ड्रायव्हर एनर्जी मॉडेलला अजून मिलिवॉटच देत असेल तर १००० ने भागल्यावर सगळे आकडे शून्याजवळ जातात. डीबगएफएसमधल्या (कर्नलच्या आतले आकडे दाखवणाऱ्या फाइलींतल्या) एनर्जी मॉडेलच्या फोल्डरमध्ये प्रत्येक फ्रिक्वेन्सीची पॉवर दिसते. तिथे ४३७ दिसले तर चूक आहे, ४३७००० च्या आसपास दिसले पाहिजे.

पीआयडीच्या भागात, म्हणजे ८५ अंश आणि खरे तापमान यांतल्या फरकावरून (याला चूक म्हणतात) बजेट काढणाऱ्या हिशेबात, फार वेळ घालवू नका. तिथला गुणाकार ६४ बिटांत होतो, त्यात हरवतो तो मिलिवॉटचा हजारावा भाग, आणि शेवटी पूर्णांक करताना एका मिलिवॉटहून कमी. ऋण संख्या उजवीकडे सरकवली की ती शून्याकडे न जाता आणखी खाली जाते, त्यामुळे तापमान ट्रिपच्या वर असताना उत्तर किंचित कमी येते. ते सुरक्षित बाजूला आहे, असू द्या. जिथे राउंडिंग खरोखर बोचते ते म्हणजे गुणकांचे आपोआप होणारे अंदाज. तुमच्या २५०० मिलिवॉट आणि दोन ट्रिपमधल्या ३०,००० मिलिअंशांच्या फरकाला ट्रिपच्या वरचा गुणक ८५.३ चा ८५ होतो आणि खालचा १७०.७ चा १७०. इंटिग्रलचा (साठत गेलेल्या चुकीचा) गुणक खालच्याचा दहावा भाग, १७. यात अडचण नाही. पण याच घरातल्या छोट्या सेन्सर नोडवर, सस्टेनेबल पॉवर १०० मिलिवॉट असताना, खालचा गुणक ६.८ चा ६ होतो, म्हणजे आठवा भाग गेला, आणि इंटिग्रलचा गुणक ६ ÷ १० म्हणजे शून्यच झाला असता. म्हणून कर्नलमध्ये तो किमान १ धरलेला आहे. जुन्या कर्नलवर असाल तर हे आकडे सिसएफएसमध्ये (कर्नलची सेटिंग्ज दाखवणाऱ्या फाइलींत) वाचून हाताने भरा. अपूर्णांक बिट दहाचे सोळा करायचा मोह होईल, तो आवरा. डिव्हाइस ट्रीत आणि स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलेले सगळे गुणक आणि वेट १०२४ च्या हिशेबात आहेत, ते एका रात्रीत चुकीचे ठरतील.

पीआयडीला हात लावण्याआधी सेन्सरची पायरी मात्र तपासा. तापमान एकेका अंशाच्या उडीने वाचले जात असेल तर तुमच्या गुणकांनी प्रत्येक उडीला बजेट १६६ मिलिवॉटने हलते. मग फ्रिक्वेन्सी खालीवर होण्याचे एक कारण तेही असेल, आणि भागाकार कितीही नीट केले तरी ते जाणार नाही.

राहिले ८२ अंश. हे इंटिग्रल कटऑफचे काम आहे. त्याचे मूळ मूल्य शून्य असते, आणि शून्याचा अर्थ असा की तापमान ८५ च्या वर असेल तेव्हाच चूक साठवली जाते. सकाळी ऊन चढताना तापमान काही मिनिटे ८५ च्या वर गेले की ऋण साठा तयार होतो. नंतर तापमान खाली आले तरी तो साठा उतरत नाही, कारण खाली असताना साठवणच बंद असते. तो पुसला जातो झोन ५५ च्या खाली आल्यावर, आणि मेमध्ये ते रात्रीपर्यंत होत नाही. ८२ अंशांवर प्रपोर्शनल भाग (सध्याच्या चुकीच्या प्रमाणातला) ३००० × १७० ÷ १०२४, म्हणजे साधारण ४९८ मिलिवॉट वर ढकलत असतो आणि निदान तेवढे तरी हा गोठलेला साठा खाली ओढत असतो. कटऑफ मिलिअंशांत लिहायचा असतो. ४००० ठेवा, म्हणजे ८१ च्या वर दोन्ही बाजूंची चूक साठेल आणि जास्तीचा साठा आपोआप उतरेल.

सस्टेनेबल पॉवरचा आकडाही एसी लावलेल्या खोलीतला दिसतो. उदाहरणाने सांगतो: चिपपासून हवेपर्यंतचा औष्णिक रोध दर वॅटला २४ अंश असेल तर २५ अंशांच्या खोलीत (८५ − २५) ÷ २४ = २.५ वॅट. बाहेर ४० आणि बंद पेटीच्या आत ५० अंश असतील तर (८५ − ५०) ÷ २४ = सुमारे १.४६ वॅट. तुमचा रोध वेगळा असेल, तो पेटीसकट मोजूनच घ्यावा लागेल. पण एका वॅटचा हा फरक इंटिग्रलला भरून काढावा लागतो आणि सकाळचा तो मोठा साठा त्यातूनच जन्मतो.

तपासणीची पद्धत अशी ठेवा. दोन्ही हिशेब, मागणी आणि उलट, वेगळ्या छोट्या फंक्शनमध्ये काढा आणि केयुनिटची (कर्नलमधल्या चाचणी-व्यवस्थेची) चाचणी लिहा: तक्त्यातली प्रत्येक फ्रिक्वेन्सी, १ ते ४०० प्रत्येक लोड, मंजूर बरोबर मागणी. निवडलेली फ्रिक्वेन्सी सुरुवातीचीच आली पाहिजे. बारा पायऱ्यांच्या तक्त्याला ४८०० जोड्या होतात, क्षणात संपतात. दुसरी चाचणी वाटपाची: यादृच्छिक मागण्या, आणि कोणी कमाल मर्यादेला अडलेला नसताना बेरीज बजेटएवढीच. सगळ्यांच्या मागण्या शून्य असण्याचा प्रसंगही त्यात घाला. तिथे छेद शून्य होतो आणि तुमच्या कर्नलच्या आवृत्तीने त्याला कसे हाताळले आहे ते पाहून अपेक्षित उत्तर लिहा.

मग बोर्डवर पॉवर ॲलोकेटरचे आणि सीपीयू कूलिंगचे ट्रेस इव्हेंट चालू करून स्ट्रेस-एनजी या लोड देणाऱ्या साधनाने लोड मुद्दाम ६८ टक्क्यांसारखा अर्धवट ठेवा. चार कोअरचा मिळून २७३ च्या आसपास येईल. दुरुस्तीनंतरही थोडे खालीवर दिसू शकते. बजेट खरोखरच दोन पायऱ्यांच्या मध्ये पडत असेल तर गव्हर्नरला दोन्हींमध्ये आलटून पालटून सरासरी साधावीच लागते. ओळखायची खूण सोपी आहे: पायरी घसरली त्या ओळीत मंजूर पॉवर मागणीपेक्षा कमी असेल तर ते नियंत्रण आहे. दोन्ही सारख्या असून पायरी घसरली तर राउंडिंग अजून शिल्लक आहे.

पॅच तीन वेगवेगळे करा: सीपीयू कूलिंगमधली मागणी, गव्हर्नरमधले वाटप, आणि सेटिंग्ज, म्हणजे डिव्हाइस ट्रीतले वेट व सस्टेनेबल पॉवर आणि सिसएफएसमधला कटऑफ. पहिला पॅच पेटीवर आठवडाभर एकटाच चालवा. छोट्या क्लस्टरचा झोका त्यानेच थांबायला हवा, आणि थांबला नाही तर सेन्सरच्या पायरीकडे परत या.